एक आई, दोन लेकी : काल्पनिक भाषाकुळ कसे रचावे

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या साध्या डब्यात बसून जो कान देऊन ऐकेल, त्याला भाषाकुळ म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. जळगाव-धरणगावच्या पट्ट्यात ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ झालेली असते. अमळनेर येता येता ‘मला’च्या जागी ‘माले’, ‘माझा’च्या जागी ‘मना’ आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’ कानी पडू लागते. पुढे नंदुरबार मागे पडून नवापूर येते, ज्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, आणि तिथे ‘गाव’ला ‘गाम’ व ‘नाव’ला ‘नाम’ म्हणणारी माणसे डब्यात चढतात. शब्द तेच, पण प्रत्येक ठिकाणी ते एका ठरावीक रीतीने वळलेले असतात. ही ठरावीक रीत हाच या लेखाचा विषय आहे.

कादंबरीसाठी, खेळासाठी किंवा निव्वळ हौसेसाठी ज्यांना एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा दोन-तीन काल्पनिक भाषा रचायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. एकच भाषा हवी असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. झामेनहॉफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली तेव्हा तिला आई नव्हती आणि बहीणही नव्हती, आणि तिच्या कामासाठी ते योग्यच होते. कुळाचे तसे नसते. नवशिके हमखास करतात ती चूक अशी की ते तीन भाषा स्वतंत्रपणे रचतात आणि मग त्यांच्यात ओढूनताणून साम्य भरतात. असे साम्य बघणाऱ्याला लगेच खोटे वाटते. आधी आई रचावी, मग बदलांचे नियम रचावेत. लेकी रचाव्या लागत नाहीत, त्या नियमांतून बाहेर पडतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. शाळेत आपण ‘च’ची भाषा बोलत असू, म्हणजे शब्दाचे पहिले व्यंजन काढून तिथे ‘च’ घालायचा आणि काढलेले अक्षर शेवटी जोडायचे, म्हणजे ‘जेवण’चे ‘चेवणज’. ही सांकेतिक मराठी आहे, निराळी भाषा नव्हे, कारण तिच्यात लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातला क्रम हे सारे मराठीचेच राहते. मराठी शब्दांच्या जागी नवे शब्द बसवून तयार होणारी भाषाही बहुतेकदा याच जातीची असते.

पहिली पायरी : ध्वनींची निवड

मराठी माणसाला या पायरीवर एक मोठा फायदा आहे. आपली वर्णमाला मुळातच तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली असल्यामुळे कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे वर्ग, आणि प्रत्येक वर्गातला अघोष-घोष, अल्पप्राण-महाप्राण हा क्रम आपल्याला लहानपणीच पाठ झालेला असतो. ध्वनी निवडायचे ते सुटे सुटे निवडू नयेत, रांगाच्या रांगा निवडाव्यात. ‘क, त, प’ घेतले तर ‘ग, द, ब’ घ्यावेत की नाही, महाप्राणांची रांग ठेवावी की सगळीच गाळावी, मूर्धन्य वर्ग हवा की नको, असे प्रश्न विचारावेत. ‘ख’ आणि ‘ढ’ ठेवले पण बाकीचे महाप्राण गाळले, असे केल्यास ती निवड मनमानी वाटते. मोह मात्र आवरावा. हवाईयन भाषेचे काम अवघ्या आठ व्यंजनांवर आणि पाच स्वरांवर चालते.

या लेखात पुढे वापरण्यासाठी आपण एक मूळभाषा धरू. तिच्यात व्यंजने तेरा : क, त, प, ग, द, ब, म, न, स, र, ल, य, व. स्वर पाच : आ, इ, उ, ए, ओ, आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद अर्थाचा नाही. ‘अ’ मी मुद्दाम घेतलेला नाही. ‘घर’ लिहितो पण शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही, अशी आपली सवय असल्याने काल्पनिक भाषा देवनागरीत लिहिताना ‘अ’ आला की दोन दिवसांनी स्वतःलाच आपला उच्चार आठवत नाही. शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर वहीत पाय मोडून लिहिणे सर्वांत सुरक्षित. ‘न’ आणि ‘र’ यांच्यापुरती मी पुढे सूट घेतली आहे. त्याचप्रमाणे ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला ‘च’ हे दोन निराळे ध्वनी आहेत, पण आपली लिपी तो फरक दाखवत नाही. असे ध्वनी घ्यायचे असतील तर खाली टिंब वगैरे देऊन फरक आधीच ठरवून टाकावा.

दुसरी पायरी : अक्षराचा साचा

कोणता ध्वनी आहे यापेक्षा तो कुठे बसू शकतो, यावरून भाषेचा चेहरा ओळखू येतो. खेड्यातली जुनी माणसे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ आणि ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ करतात, ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांच्या बोलीच्या साच्यात शब्दारंभीचे ते जोडाक्षर बसत नाही, म्हणून कोणी पुढे स्वर जोडतो तर कोणी ‘स’ टाकून देतो. आपल्या मूळभाषेचा साचा साधा ठेवू : प्रत्येक अक्षरात एक स्वर, त्याच्या आधी फार तर एक व्यंजन, आणि शब्दाच्या अखेरीस व्यंजन आलेच तर ते फक्त ‘न’ किंवा ‘र’. जोडाक्षरे नाहीत.

तिसरी पायरी : शब्द

मॉरिस स्वदेश हे नाव ऐकून माणूस आपल्याकडचा वाटतो, पण ते अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते. भाषांची तुलना करण्यासाठी त्यांनी शरीराचे अवयव, नाती, पाणी, अग्नी, एक, दोन, मी, तू अशा सहसा उसन्या न घेतल्या जाणाऱ्या शब्दांची यादी केली. तिची शंभर शब्दांची आवृत्ती नवशिक्याला पुरेशी आहे. त्यात आपल्या काल्पनिक लोकांच्या जगण्यातले वीस-पंचवीस शब्द घालावेत. तापीकाठी माणसे वसवणार असाल तर नदी, थडी, पूर, गाळ, होडी हे शब्द आधी लागतील.

आमच्या नमुन्यासाठी एवढे शब्द पुरेत : सेको म्हणजे घर, नोती म्हणजे हात, लिपे म्हणजे पाणी, तोगा म्हणजे गाव, तोदा म्हणजे विहीर, पेदू म्हणजे दगड, बोने म्हणजे पुष्कळ, सू म्हणजे मी, लेमा म्हणजे देणे. अनेकवचनाला ‘-र’ लागतो (सेकोर, म्हणजे घरे) आणि चतुर्थीला ‘-न’ (तोगान, म्हणजे गावाला).

चौथी पायरी : ध्वनिनियम

इथे थांबून काम करावे, कारण कुळाचे कुळपण इथेच तयार होते.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ आणि ‘लोहकार’चा ‘लोहार’ झाला, कारण दोन स्वरांमधला ‘क’ गळाला. ‘नगर’मधला ‘ग’ तसाच गळून प्राकृतात ‘णअर’ झाले आणि पुढे त्याचे ‘नेर’ उरले, जे आज अमळनेर, जामनेर, पिंपळनेर या नावांच्या शेपटीला दिसते. ‘ग्राम’चे ‘गाम’ झाले, आणि मराठीने त्यातल्या ‘म’चा ‘व’ केला. गुजरातीने केला नाही, म्हणजे नवापूरच्या प्रवाशाने ‘गाव’चे ‘गाम’ केलेले नसून ‘गाम’ हेच जुने रूप आहे. ‘नाम’चे ‘नाव’ त्याच नियमाने झाले. नियम एका शब्दाला नव्हे, तर त्या स्थितीतल्या प्रत्येक शब्दाला लागतो. प्राकृताचे व्याकरण सांगणाऱ्या वररुचीने क, ग, च, ज, त, द, प, य, व यांचा ‘प्रायः’ लोप होतो असे सांगून स्वतःला थोडी सूट ठेवली होती. एकोणिसाव्या शतकातल्या लाइपझिगच्या भाषापंडितांनी मात्र ध्वनिनियमाला अपवादच नसतो असा आग्रह धरला. नवशिक्याने लाइपझिगच्या बाजूने राहावे. सूट नंतर घेता येते.

आता कल्पना अशी करू की मूळभाषा बोलणाऱ्यांपैकी काही माणसे सातपुड्याच्या माथ्यावर राहिली आणि काही खाली नदीच्या थडीला उतरली. वरच्या भाषेला माथी म्हणू, खालच्या भाषेला थडी.

माथीचे दोन नियम. एक : दोन स्वरांमधले क, त, प हे अनुक्रमे ग, द, ब होतात. दोन : शब्दाच्या अखेरचा स्वर गळतो. ‘सेको’चे आधी ‘सेगो’ आणि मग ‘सेग्’ झाले. ‘नोती’चे ‘नोदी’ व मग ‘नोद्’. ‘लिपे’चे ‘लिबे’ व मग ‘लिब्’. ‘तोगा’, ‘तोदा’ आणि ‘पेदू’ यांना पहिला नियम लागत नाही, दुसरा लागतो : ‘तोग्’, ‘तोद्’, ‘पेद्’.

हेच दोन नियम उलट्या क्रमाने लावून पाहावेत. शेवटचा स्वर आधी गळला तर ‘सेको’चे ‘सेक्’ होईल. मग ‘क’ दोन स्वरांमध्ये उरणारच नाही आणि त्याचा ‘ग’ होण्याचा प्रश्न मिटेल. नियम तेच, शब्द तेच, पण भाषा निराळी. म्हणून वहीत प्रत्येक नियमाला क्रमांक द्यावा आणि तो बदलू नये.

माझ्या पहिल्या वहीत मी दुसऱ्या नियमाला अट घालायला विसरलो होतो. त्यामुळे ‘मी’ या अर्थाच्या ‘सू’चा स्वर गळून नुसते ‘स्’ उरले आणि चाळीस वाक्ये लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्याची सुरुवात कोणीतरी फुस्कारल्यासारखी होऊ लागली. ‘एकाक्षरी शब्द वगळून’ हे तीन शब्द नियमात आधीच असते तर ती पाने फाडावी लागली नसती.

थडीचे नियम चार. एक : दोन स्वरांमधले ग, द, ब गळतात. दोन : दोन स्वरांमधले क, त, प हे ग, द, ब होतात. तीन : लागून आलेले स्वर एकत्र होतात, ‘ओआ’चा ‘ओ’ आणि ‘एऊ’चाही ‘ओ’. चार : अखेरचा ‘न’ जाऊन आधीचा स्वर सानुनासिक होतो आणि अखेरचा ‘र’ नुसताच जातो. या क्रमाने ‘तोगा’चे ‘तोआ’ व मग ‘तो’, ‘पेदू’चे ‘पेऊ’ व मग ‘पो’, आणि ‘सेको’, ‘नोती’, ‘लिपे’ यांचे ‘सेगो’, ‘नोदी’, ‘लिबे’ होते. नवे ‘ग, द, ब’ गळत नाहीत, कारण ते जन्मले तेव्हा गळण्याचा काळ सरला होता. एक आणि दोन यांची अदलाबदल केली तर ‘सेको’चेही ‘सेओ’ होऊन सगळी भाषा स्वरांचा चिखल होते.

आता ‘तोगा’प्रमाणे ‘तोदा’चेही ‘तो’ झाले. थडीत गाव आणि विहीर एकच शब्द झाले. घाबरून नियम बदलू नये. प्राकृतात मत, मद, मृग आणि मृत हे चारही शब्द ‘मअ’ या एकाच रूपात येऊन पडले होते. अशा वेळी भाषा जे करते तेच आपण करावे, म्हणजे जोडशब्द घ्यावा : पाणी अधिक तो, ‘लिबेतो’, म्हणजे विहीर. अपघातातून आलेला हा शब्द मला रचून काढलेल्या कोणत्याही शब्दापेक्षा खरा वाटतो.

संगणकाच्या तक्त्यात शोधा-आणि-बदला हा पर्याय वापरणाऱ्यांना एक इशारा. तो ‘क’चा ‘ग’ करताना शब्दारंभीचा ‘क’ही बदलतो. पहिले तीस शब्द तरी हाताने, प्रत्येक नियमाला एक रकाना ठेवून करावेत.

पाचवी पायरी : व्याकरण

बहुतेक मार्गदर्शक व्याकरणाचा स्वतंत्र तक्ता भरायला सांगतात. कुळ रचताना तसे करू नये, कारण लेकींच्या व्याकरणाचा अर्धा भाग ध्वनिनियमांनी आधीच ठरवून ठेवलेला असतो.

माथीचे अनेकवचन पाहा. मूळ ‘सेकोर’ला शेवटी ‘र’ असल्यामुळे आतला स्वर गळला नाही, म्हणून एक घर ‘सेग्’, पण अनेक घरे ‘सेगोर’. एक हात ‘नोद्’, अनेक ‘नोदीर’. एक गाव ‘तोग्’, अनेक ‘तोगार’. एक दगड ‘पेद्’, अनेक ‘पेदूर’. मूळभाषेत एकच प्रत्यय होता, पण माथी बोलणाऱ्या मुलाला मात्र कोणत्या शब्दाला -ओर, कोणाला -ईर आणि कोणाला -आर हे पाठ करावे लागेल. मराठीत हेच घडले आहे. ‘जीभ’चे अनेकवचन ‘जिभा’, पण ‘रात’चे ‘राती’, असे का, तर एक शब्द ‘जिह्वा’पासून आणि दुसरा ‘रात्रि’पासून आला. एकवचनात शेवटचा स्वर गळाला, अनेकवचनात जुन्या स्वराची खूण राहिली. परक्याला जो नियमातला छळ वाटतो तो असा पूर्वजांचा ठेवा असतो.

थडीत उलटी आपत्ती आली. ‘सेकोर’चे ‘सेगोर’ आणि मग ‘र’ जाऊन ‘सेगो’, म्हणजे घर आणि घरे यांतला फरकच मिटला. भाषा असे भोक फार दिवस उघडे ठेवत नाही. ‘हम लोग’ किंवा ‘पाहुणेमंडळी’ म्हणताना आपण जसा एखादा धडधाकट शब्द अनेकवचनाच्या कामाला जुंपतो, तसे थडीवाले ‘पुष्कळ’ या अर्थाचा ‘बोने’ मागे जोडू लागतात : ‘सेगोबोने’. इथे ‘ब’ दोन स्वरांमध्ये आला तरी गळत नाही, कारण तो नियम केव्हाच मेलेला आहे. नव्या प्रत्ययांत जुने नियम दिसत नाहीत, ही खूण कुळ पाहणाऱ्या जाणकाराला फार आवडते.

चतुर्थीचे वाक्य घेऊन दोन्ही लेकी शेजारी ठेवू. ‘मी गावाला पाणी देतो’ हे मूळभाषेत ‘सू तोगान लिपे लेमा’. माथीत ‘सू तोगान लिब् लेम्’. थडीत ‘सू तों लिबे लेमा’. थडीत गाव ‘तो’ आणि गावाला ‘तों’, म्हणजे सगळी चतुर्थी नाकातल्या एका सुरावर उभी आहे. अशी चतुर्थी टिकणे कठीण. पुढच्या पिढीत ‘कडे’, ‘साठी’ अशा अर्थाचा एखादा शब्द तिच्या मदतीला येईल आणि कालांतराने तोच प्रत्यय होईल. मराठीचा ‘ला’, अहिराणीचा ‘ले’, गुजरातीचा ‘ने’ आणि हिंदीचा ‘को’ हे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण संस्कृतातल्या विभक्ती झिजल्यावर या बहिणींनी आपापले ठिगळ स्वतंत्रपणे लावले. तेव्हा आपल्या लेकींनाही एकच ठिगळ देऊ नये.

वाक्यातला क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा ठेवणार असाल तर ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ यांसारखे शब्द नामाच्या मागून ठेवावेत. जगातल्या अशा क्रमाच्या बहुतेक भाषा तसेच करतात. क्रियापदांचे काळ आधीच्या दोन शब्दांच्या घसटीतून आणावेत. ‘करतो आहे’चे ‘करतोय’ आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे, आणि आणखी काही पिढ्यांनी त्यात दोन शब्द होते हे कोणाला सांगूनही पटणार नाही. भूतकाळाचा एक गमतीदार नमुना घरातच आहे : ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी भाकरी खाल्ली’. इथे क्रियापद खाणाऱ्याचे ऐकत नाही, खाल्लेल्या वस्तूचे ऐकते, कारण हे मुळात ‘माझ्याकडून भाकरी खाल्ली गेली’ अशा धर्तीचे वाक्य होते. आपल्या एका लेकीत हे ठेवावे, दुसरीत क्रियापद पुन्हा कर्त्याच्या ताब्यात द्यावे.

सहावी पायरी : शेजार आणि अपवाद

आता सूट घेण्याची वेळ आली. ‘क्षेत्र’चे मराठीत ‘शेत’ आणि हिंदीत ‘खेत’, ‘मक्षिका’ची मराठीत ‘माशी’ आणि हिंदीत ‘मक्खी’. मग ‘कक्ष’पासून मराठीत ‘काख’ का आहे, ‘काश’ का नाही? सरमिसळ झाल्याशिवाय असे होत नाही. शिवाय ‘शेत’ असताना आपण ‘क्षेत्र’ही संस्कृतातून पुन्हा उचलून आणले आणि त्याला निराळे काम दिले. आपल्या लेकींतही दहा-बारा शब्द असे असावेत जे बहिणीकडून उसने आल्यामुळे नियमाला जुळत नाहीत. थडीत ‘सेगो’ घर, आणि माथीकडून आलेले ‘सेग्’ म्हणजे डोंगरातली झोपडी, असे काहीसे. प्रमाण मात्र मिठाएवढे ठेवावे.

परका शेजारीही हवा. ज्या भाषेला एकही नातलग सापडलेला नाही अशी निहाली आपल्या सातपुड्याच्याच अंगाला, जळगाव जामोदच्या भागात बोलली जाते. हे जळगाव बुलढाणा जिल्ह्यातले, आपले नव्हे. अशी एखादी एकटी भाषा कल्पून तिचे झाडाझुडपांचे चार शब्द माथीत पेरले की डोंगर खरा वाटू लागतो.

शेजाराने भाषा किती बदलते, यावर पंडितांचेही एकमत होत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. १९०७ साली निघालेल्या भागात ती भिल्ली भाषांबरोबर छापली गेली. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आमच्याकडे अजून जेवणाच्या पंगतीत रंगतो. आपल्या कुळातही एखादी बोली अशी असू द्यावी जिची शाखा ठरवताना स्वतःलाच अडचण पडेल.

लिपीचे काम शेवटी, आणि तेही इच्छा असेल तरच. नवी अक्षरे गिरवण्यात महिने जातात आणि भाषा जिथल्या तिथे राहते.

सातवी पायरी : पारख

कुळ जमले की नाही हे तपासण्याची एकच खात्रीची रीत मला ठाऊक आहे. मूळभाषेचे पान झाकावे, दोन्ही लेकींच्या शब्दांच्या जोड्या अनेकवचनासह दुसऱ्याच्या हाती द्याव्यात आणि आईचा शब्द काय असेल ते त्याला विचारावे. मी माझ्या आतेभावाला अशा वीस जोड्या दिल्या होत्या. त्याने आधी ‘सेग् : सेगो’ आणि ‘तोग् : तो’ वेगळ्या काढल्या. पहिल्या जोडीत दोन्हीकडे ‘ग’, दुसऱ्या जोडीत एकीकडे ‘ग’ आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे मुळात हे दोन निराळे ध्वनी असले पाहिजेत, आणि जो टिकला तो अधिक भक्कम असला पाहिजे, असे तो म्हणाला. मग ‘सेगोर’वरून त्याने माथीतला गळालेला ‘ओ’ परत आणला. ‘तो’ म्हणजे गाव हे पाहून ‘लिबेतो’तल्या ‘तो’पाशी तो बराच वेळ अडला, आणि माथीतले ‘तोद्’ दिसल्यावर सुटला. शेवटी त्याने घरासाठी जो मूळ शब्द लिहिला तो ‘सेको’ नव्हता, ‘सेग्गो’ होता. माझ्या वहीत तसे नव्हते, पण त्याच्या हातात होता तेवढ्या पुराव्यावरून त्याला चूक ठरवणे मला जमले नाही.